आजचे फूल आजच

देवपूजेस शिळे फूल चालत नाही, हा नियम आपल्या घरांतील लहान मुलासही ठाऊक असतो. तुळस व बेल यांस शास्त्रकारांनी पर्युषितत्वाचा दोष लाविला नाही; इतर बहुतेक फुले मात्र त्याच दिवशी खुडावयाची व त्याच दिवशी वाहावयाची. तेव्हा ‘त्याच दिवशी फुले घरपोच’ ही हल्लीची जाहिरात वाचून आश्चर्य करण्याचे कारण नाही. पुण्यामुंबईच्या बिऱ्हाडांत सकाळी दाराच्या कडीस अडकविलेली फुलपुडी याच नियमाची साक्ष देते. नवे आहे ते इतकेच की, फुले मागविणारा एका गावी व ती घेणारा दुसऱ्या गावी असतो.

ही व्यवस्था कशी चालते, हे समजून घेणे उपयुक्त होईल. मुंबईतील मुलाने महाडास राहणाऱ्या आईला वाढदिवशी फुले पाठविली, तर ती बहुधा मुंबईहून निघत नाहीत. निघतो तो केवळ निरोप. मुंबईचा दुकानदार मागणी नोंदवून महाडच्या फुलवाल्यास कळवितो, व तो आपल्या दुकानातील फुलांचा गुच्छ बांधून घरी पोचवितो. पैशांचा हिशेब उभयतांत मागाहून होतो. ही युक्ती शतकाहून जुनी आहे. 1908 साली बर्लिनच्या माक्स ह्यूबनर या पुष्पविक्रेत्याने अशी देवघेव सुरू केली, व 1910 साली अमेरिकेतील दुकानदारांनी तारेने मागण्या कळविण्याकरिता आपला संघ स्थापिला. आपल्या देशातील तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली. युक्ती मात्र मोबाइलवर सुखाने चालू आहे.

यावरून ध्यानात येईल की, सारा भार शेवटच्या माणसावर असतो. कवींद्र परमानंदांच्या समाधीमुळे संस्कृताच्या अभ्यासकांस परिचित असलेले पोलादपूर नकाशावर महाडास लागूनच दिसते. परंतु आषाढ-श्रावणात येथील वाटांचा भरवसा नसतो. आंबेनळी घाटात दरड कोसळली की महाबळेश्वराकडील रस्ता बंद. वरंध घाटाचीही तीच कथा. जुलै 2021 मध्ये तर सावित्रीच्या पुराने महाडची बाजारपेठच पाण्याखाली गेली होती. दूरच्या शहरी बसून मागणी घेणाऱ्यास यातले काही ठाऊक नसते; गावच्या फुलवाल्यास असते. म्हणून पावसाळ्यात पैसे भरण्यापूर्वी त्याच्याशीच प्रत्यक्ष बोलावे.

फुलांच्या निवडीतही त्याचाच सल्ला घ्यावा. गुलाब, जरबेरा ही फुले मावळातील हरितगृहांत मुबलक पिकतात. ती दिसावयास सुरेख, परंतु सुगंध बेताचाच. उलट मोगरा, सोनचाफा, अनंत ही आपापल्या ऋतूत कोकणच्या परसांतच फुलतात. जिची दृष्टी मंदावली आहे अशा वृद्ध मातेस रंगीत कागदातल्या गुच्छापेक्षा ओंजळभर चाफा अधिक सुख देईल. यास्तव अमुकच फूल हवे असा हट्ट न धरता, ‘आज सकाळी जे ताजे आले असेल ते द्या’ असे सांगावे. पत्ता देताना घराच्या क्रमांकाबरोबर आळीचे नाव, जवळचे देऊळ व घरातील वडील माणसाचे नाव अवश्य द्यावे, आणि दुपारच्या वामकुक्षीची वेळ टाळण्यास सांगावे. दुःखाच्या घरी मात्र गुच्छ धाडण्याचा प्रघात आपल्यात नाही. तेथे माणसानेच गेले पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. या भागातील पुष्कळ घरांत आज दोनच वृद्ध जीव राहतात. मुले मुंबई-पुण्यास, कित्येक परदेशी. गुच्छ घेऊन येणारा मुलगा हाच कदाचित त्या दिवशी ओटीवर आलेला एकटा पाहुणा असतो. त्यास पाणी विचारले जाते, तो कोणाचा कोण याची आस्थेने चौकशी होते. ती आस्था वास्तविक दुसऱ्याच कोणाकरिता साठविलेली असते. म्हणून फुले पोचल्याचा संदेश पाहून कर्तव्य संपले असे कोणी समजू नये. सायंकाळी निवांत दूरध्वनी करावा. आणि फुलांसोबतच्या चिठ्ठीत शुभेच्छांच्या छापील ओळींऐवजी आपण घरी कधी येणार, ती तिथी लिहावी. फुले उद्या निर्माल्यात जातील. ती तिथी मात्र भिंतीवरील दिनदर्शिकेवर त्याच दिवशी खूण करून ठेविली जाईल.