चक्रीवादळाचे पुस्तक कुठे शोधावे?

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात रावेरला बहिणीकडे गेलो होतो. आदल्या संध्याकाळी जेमतेम अर्धा तास वारा सुटला आणि मेहुण्यांच्या दोन एकर केळीपैकी निम्मी आडवी झाली. घड लागलेले झाड भाराने आधीच वाकलेले असते. वारा त्याला मधूनच मोडतो. दहावीत जाणारी भाची बांधावर उभी होती. म्हणाली, "मामा, हे चक्रीवादळ होते का?"

मेहुणे म्हणाले, "होय." शेजारी म्हणाले, "वावटळ होती." मला धड उत्तर देता आले नाही. आणि प्रश्न नुसता अभ्यासाचा नव्हता. केळीचा हवामानावर आधारित विमा वाऱ्याच्या मोजलेल्या वेगावर ठरतो. वारा किती होता आणि कोणत्या जातीचा होता, हे घरात एकाला तरी कळले पाहिजे.

परतताना जळगावात एका दुकानातून साडेतीनशे रुपयांचे गुळगुळीत कागदाचे इंग्रजी पुस्तक घेतले. घरी उघडले तर पानोपानी फ्लोरिडाची उडालेली छपरे! बंगालच्या उपसागराचे नाव नाही. पोरीने चित्रे पाहिली आणि ठेवून दिले. पैसे गेले, पण एक धडा मिळाला. अशा पुस्तकात आधी आपला समुद्र आहे का ते पाहावे. हरिकेन, टायफून आणि आपले चक्रीवादळ ही एकाच गोष्टीची तीन मुलखांतली नावे आहेत, हे ज्या पुस्तकात पहिल्या दोन-चार पानांत सांगितलेले नाही ते परत ठेवावे.

खरा उपयोग झाला तो फुकटच्या पुस्तकांचा. २०१७ साली आलेल्या सातवीच्या भूगोलात हवेचा दाब आणि वारे असे धडे आहेत. आधी ते वाचावेत. मग एनसीईआरटीचे अकरावीचे प्राकृतिक भूगोलाचे पुस्तक घ्यावे. इंग्रजी-हिंदीत आहे, पण आकृत्या स्वच्छ आहेत. मराठीत सविस्तर हवे तर मराठी विश्वकोश. जळगावचे व. वा. जिल्हा वाचनालय किंवा धुळ्याचे गरुड वाचनालय अशा जुन्या ग्रंथालयांत जाऊन विचारावे. विश्वकोश आता संगणकावर आणि मोबाइलवरही विनामूल्य वाचता येतो. भाषा जरा जड आहे. मुलांजवळ बसून वाचावे लागते.

त्यातून आम्हा मामा-भाचीला जे समजले ते असे. चक्रीवादळ समुद्रावरच जन्मते. साधारण २६-२७ अंशांहून गरम पाण्याची वाफ वर चढते, थंड होते, आणि तिच्यातून सुटलेली उष्णता वादळाला पोसते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारे वळतात. आपल्या गोलार्धात ते घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. वेग ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे गेला की हवामान खाते त्याला चक्रीवादळ म्हणते आणि नाव देते. जमिनीवर आले की वाफ तुटते, वादळ मरू लागते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्याला धडकलेले 'निसर्ग' असेच दुबळे होत उत्तर महाराष्ट्रातून दुसऱ्या दिवशी पश्चिम विदर्भाकडे गेले. रावेरची केळी पाडणारा वारा मात्र उन्हाळी गडगडाटी ढगातून कोसळलेला होता. तासाभरात येतो नि जातो, पण केळीला तेवढा पुरतो. आणि वावटळ म्हणजे तापलेल्या रानात उठणारी धुळीची भिंगरी. शेजारीही चुकले, मेहुणेही चुकले.

"सायक्लोन" हा शब्द कलकत्त्यात घडला, हे वाचून पोर खूश झाली. हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात तो दिला. वेटोळे घातलेल्या सापावरून.

मोठ्यांसाठी एक कादंबरी सुचवतो. अमिताव घोष यांची 'द हंग्री टाइड', २००४ सालची. सुंदरबनातले वादळ तिच्यात आहेच, पण मरिचझापीही आहे. पूर्व बंगालातून आलेल्या, बहुतांश नामशूद्र, निर्वासितांना १९७९ साली त्या बेटावरून पोलिसी बळाने हाकलण्यात आले. १९४६ साली बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर पाठवण्यात ज्या समाजाचा मोठा वाटा होता, तोच हा समाज. वादळाच्या वाटेवर राहायची पाळी कोणावर येते, हे भूगोलाच्या पुस्तकात सापडत नाही.

पुस्तकाचे सालही पाहावे. १९९९ च्या ओडिशातील महावादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ च्या 'फायलिन'ला त्याच राज्यात वेळेवर लाखो लोक हलवले गेले आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. जुन्या पुस्तकात फक्त पहिली गोष्ट असते. मुले वाचून घाबरतात, शिकत नाहीत.

आमच्या विहारातील कपाटात बाबासाहेबांचे खंड आहेत, विज्ञानाचे एकही पुस्तक नव्हते. भाचीने स्वतःच्या वहीतली आकृती मोठ्या पुठ्ठ्यावर काढून तिथे लावली आहे. खाली शाईने लिहिले आहे : वावटळ, वादळ, चक्रीवादळ, तिन्ही वेगळी. मेहुणे तिच्यासमोर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगत असतात.