स्नायूंची पुंजी आणि विश्रांतीचे मोल

जिना चढताना घरातील वृद्ध व्यक्ती मधल्या टप्प्यावर थांबते आणि मिनिटभराने पुन्हा पाऊल उचलते. या थांबण्याला कधी आळस म्हटले जाते. कधी ‘आता वय झाले’ असे मानून ती व्यक्तीच घराबाहेर पडणे सोडून देते. वस्तुतः त्या मिनिटभरात स्नायूंमध्ये मोठी उलाढाल चाललेली असते. त्वचेला छेद न देता ती पाहणे चुंबकीय अनुनादाच्या तंत्रामुळे शक्य झाले आहे.

आपल्या परिचयाचे एमआरआय शरीरातील पाणी व चरबी यांमधील हायड्रोजनच्या आधारे चित्र घडवते. तेच तंत्र फॉस्फरसच्या अणूंकडे वळवले, तर चित्राऐवजी स्नायूतील रसायनांचा वर्णपट मिळतो. 1974 मध्ये ऑक्सफर्डच्या जॉर्ज राडा आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पायाच्या अखंड स्नायूतून असा वर्णपट मिळवला. 1981 मध्ये मॅकार्डल या आनुवंशिक विकाराच्या रुग्णाचा हात तपासण्यात आला. या विकारात स्नायूंना साठवलेली शर्करा वापरता येत नाही. म्हणून श्रमानंतर एरवी वाढणारी आम्लता तेथे वाढलीच नाही.

स्नायू आकुंचन पावतो तो एटीपी या पदार्थाच्या बळावर. हाताशी असलेला त्याचा साठा काही क्षणांपुरताच असतो. तो टिकवून धरण्यासाठी फॉस्फोक्रिएटिन खर्ची पडते. ही जणू कनवटीला बांधलेली पुंजीच. श्रम थांबताच ती पुन्हा भरू लागते आणि त्यासाठीची ऊर्जा पेशींतील तंतुकणिका प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण करतात. निरोगी स्नायूत हलक्या श्रमानंतर सुमारे अर्ध्या मिनिटात निम्मी तूट भरून निघते. ही गती मोजली की तंतुकणिकांची कार्यक्षमता कळते.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे 1958 पासून चाललेल्या वार्धक्याच्या प्रदीर्घ अभ्यासात मांडीच्या स्नायूंची अशी तपासणी झाली. वयाबरोबर ही भरपाई मंदावते आणि चालण्याच्या वेगाशीही तिचा संबंध असतो, असे त्यातून दिसले. मात्र दोष केवळ वयाचा नसतो. बैठ्या जीवनक्रमानेही तंतुकणिकांची क्षमता घटते. नियमित व्यायामाने ती उतारवयातही सुधारू शकते, ही दिलासा देणारी बाब होय.

म्हणून काळजीवाहकांनी वृद्धांना घाई करू नये. थांबू द्यावे, पण चालणे थांबवू देऊ नये. थोडे चालावे, दम घ्यावा, पुन्हा चालावे. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांसाठीही आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम आणि तीन दिवस तोल व बळ वाढवणारे व्यायाम सुचवते. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे ही त्याची सोपी सुरुवात ठरते. तोल जात असेल तर जवळ कोणीतरी उभे राहावे.

फॉस्फरसची ही तपासणी मुख्यतः संशोधनासाठी वापरली जाते. थकवा येतो म्हणून तिचा आग्रह धरण्याचे कारण नाही. परंतु चालताना पोटरीत गोळा येऊन थांबल्यावर वेदना शमत असेल, तर पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा. छातीत दुखणे, अल्प श्रमाने धाप लागणे किंवा एकाएकी आलेला अशक्तपणा मात्र वयाच्या माथी मारू नये. अशा वेळी विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.