पाठीचा कणा आणि अंथरूण

दुर्ग जिल्ह्यातील भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार भारत व सोव्हिएत संघ ह्यांच्यामध्ये २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी छत्तीसगडचा प्रदेश मध्यप्रदेशात मोडत असे आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. १ नोव्हेंबर २००० पासून हे नगर स्वतंत्र छत्तीसगड राज्यात आहे. भारतीय रेल्वेचे रूळ येथे लाटले जातात, आणि त्यांसाठी लागणारे लोहखनिज दल्ली-राजहरा येथील खाणींनी दशकानुदशके पुरविले आहे.

अशा नगरात माणसाच्या पाठीवर पडणारा भार निरनिराळ्या प्रकारचा असतो. यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्यास वाकून व वळून जड भाग उचलावे लागतात. खाणीतील अवजड वाहन चालविणाऱ्याच्या कण्यास तासन्‌तास हादरे बसतात. कचेरीतील लेखनिक दिवसभर एकाच स्थितीत बसून राहतो. जड वस्तू उचलणे, वाकून वळणे आणि सर्वांगास बसणारे हादरे ही कंबरदुखीस पोषक अशी कारणे म्हणून वैद्यकास परिचित आहेत. ही व्याधी एकट्या भिलाईची नाही. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने पीडित होते, असा अंदाज आहे.

कंबर दुखू लागली की घरात पहिला प्रश्न निघतो तो गादीचा. वडीलधारी माणसे सांगतात की गादी सोडा आणि फळीवर किंवा जमिनीवर सतरंजी टाकून निजा. दुकानदार उंची व मऊ गादी पुढे करतो. ह्या दोन टोकांच्या सल्ल्यांपैकी खरा कोणता, ह्याचा निर्णय मतांवर नव्हे, तर मोजमापावर करता येतो.

कण्याची रचना

मानवी कण्यात ३३ मणके असतात. मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५ मणके असून त्यांखालील मणके प्रौढ वयात एकमेकांस जुळून गेलेले असतात. बाजूने पाहिल्यास कणा सरळ काठीसारखा दिसत नाही. मानेत व कमरेत तो पुढे वळलेला असतो आणि छातीच्या मागे पाठीकडे वळलेला असतो. ह्या वळणांमुळे चालताना व उडी मारताना बसणारे धक्के सौम्य होतात.

दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. तिचे बाहेरचे कडे चिवट तंतूंचे असून आतील गाभा पाणीदार व लिबलिबीत असतो. तरुणपणी ह्या गाभ्याचा बहुतांश भाग पाण्याचाच असतो. प्रौढ माणसाच्या चकतीच्या अंतर्भागात रक्तवाहिन्या नसतात. तिला लागणारे पोषण शेजारच्या पेशीजालांतून झिरपत येते. दिवसा भाराखाली चकतीतील थोडे पाणी बाहेर पडते आणि रात्री आडवे झाल्यावर ती ते पुन्हा शोषून घेते. म्हणूनच माणसाची उंची सकाळी उठल्याबरोबर जितकी भरते, त्यापेक्षा रात्री सुमारे एक टक्क्याने कमी भरते. शाळेतील विद्यार्थी भिंतीवर खूण करून हा प्रयोग स्वतः करून पाहू शकतात. मात्र सकाळचे माप अंथरुणातून उठताक्षणीच घेतले पाहिजे, कारण उंचीतील घट पहिल्या काही तासांतच अधिक होते.

निजल्याने भार किती हलका होतो

चकतीच्या आतील दाब जिवंत माणसात मोजण्याचे कार्य स्वीडनचे शल्यवैद्य आल्फ नाकेमसन ह्यांनी १९६० च्या दशकात केले. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतील उल्म विद्यापीठाच्या हान्स-योआखिम विल्के ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेतील चकतीत सूक्ष्म दाबमापक बसवून दैनंदिन हालचालींची नोंद घेतली. उताणे निजले असता दर चौरस सेंटिमीटरास सुमारे १ किलोग्रॅम इतका दाब आढळला. उभे राहिले असता तो ५ किलोग्रॅमच्या आसपास होता. पाठ वाकवून २० किलोग्रॅमचे ओझे उचलताना तो २३ पर्यंत चढला. तेच ओझे गुडघे वाकवून उचलले तेव्हा तो सुमारे १७ राहिला. सात तासांच्या निद्रेत दाब १ वरून हळूहळू सुमारे २.४ पर्यंत वाढला. चकती रात्रभर पाणी शोषून फुगत असते, ह्याचेच हे गमक होय.

ही मोजणी एकाच माणसाची असल्याने प्रत्येकाचे आकडे नेमके हेच असतील असे नाही. तथापि ओझे उचलण्याची रीत आणि निजण्याची स्थिती ह्यांतील तफावत त्यावरून स्पष्ट होते. विश्रांतीचा बहुतेक लाभ आडवे होण्यातच आहे. गादीचे काम एवढेच की त्या विश्रांतीत कण्यास विपरीत बाक येऊ देऊ नये.

रुळाचा दृष्टांत

हे काम समजून घेण्यास भिलाईचा रूळच उपयोगी पडतो. येथे आज १३० मीटर लांबीचे रूळ अखंड लाटले जातात आणि असे दोन रूळ जोडून २६० मीटरचा सलग रूळ तयार करता येतो. रुळाचे वजन मीटरला सुमारे ६० किलोग्रॅम असते. एवढा लांब रूळ केवळ दोन टोकांशी टेकविला, तर पोलादाचा असूनही तो स्वतःच्या भाराने मधोमध झुकेल. त्याला ठिकठिकाणी आधार द्यावा लागतो.

लोहमार्गावरही हेच तत्त्व पाळले जाते. रुळाखाली स्लीपर आणि स्लीपरखाली खडी असते. चाकाचा भार आला की ही बैठक किंचित दबते आणि तो भार एकाच ठिकाणी न साचता आजूबाजूच्या अनेक स्लीपरांत वाटला जातो. लवचीक पायावर टेकलेल्या तुळईचे हे गणित एमिल विंकलर ह्यांनी १८६७ मध्ये मांडले. बैठक मुळीच दबणारी नसेल, तर धक्का तीव्र बसतो. म्हणून काँक्रीटच्या स्लीपरवरही रुळाखाली रबराची पट्टी घालतात. उलट, खालची खडी विस्कटून पोकळी झाली, तर रूळ तेथे खचतो आणि वाकतो.

निजलेल्या शरीराची गोष्ट अशीच आहे. उघड्या फळीवर उताणे निजल्यास पाठीचा वरचा भाग व ढुंगण टेकतात, पण कमरेखाली पोकळी राहते. कुशीवर निजल्यास खांदा व नितंब ह्यांना खाली दबण्यास जागाच मिळत नाही. सारा भार थोड्या जागेवर पडून तेथील रक्ताभिसरणास अडथळा येतो आणि निजलेला माणूस वारंवार कूस बदलतो. अतिमऊ किंवा मधोमध खचलेल्या गादीवर ह्याच्या उलट घडते. शरीराचा सर्वांत जड भाग म्हणजे कटिभाग; तो खोल जातो आणि कणा झोळीत टाकल्यासारखा वाकतो. योग्य अंथरूण खांद्याखाली व नितंबाखाली बेताने दबते आणि कमरेच्या पोकळीत भरून राहते.

कठीण की मऊ

पुष्कळ काळ वैद्यही कंबरदुखीच्या रोग्यास कठीण अंथरुणाचाच सल्ला देत. सैल विणीच्या बाजेवर किंवा दबलेल्या तारांच्या पलंगावर निजणाऱ्यास गादीखाली फळी घातल्याने खरोखरच बरे वाटू शकते, कारण फळीमुळे झोळी नाहीशी होते. त्या सल्ल्यात एवढा तथ्यांश होता. परंतु त्यावरून ‘जितके कठीण तितके हितकर’ हा निष्कर्ष काढणे चुकीचे होते.

ह्या समजुतीची कसोटी स्पेनमध्ये घेण्यात आली. फ्रान्सिस्को कोवाक्स व त्यांच्या सहकाऱ्यांचे हे संशोधन २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागून एका गटास कठीण व दुसऱ्यास मध्यम कठीण गाद्या देण्यात आल्या. १ म्हणजे अत्यंत कठीण आणि १० म्हणजे अत्यंत मऊ, अशा युरोपीय मापपट्टीवर पहिल्या गाद्या २.३ व दुसऱ्या ५.६ इतक्या भरत. कोणास कोणती गादी मिळाली, हे रोग्यांस सांगितलेले नव्हते. ९० दिवसांनंतर मध्यम गादीवर निजणाऱ्यांची अंथरुणातील वेदना, उठतानाची वेदना आणि हालचालींतील अडचण ह्या तिन्ही बाबतींत अधिक सुधारणा दिसली.

डेन्मार्कमध्ये १६० रोग्यांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पाण्याची गादी, शरीराच्या आकारानुसार दबणारी फोमची गादी आणि कठीण गादी ह्यांची एक महिना तुलना करण्यात आली. पहिल्या दोन गाद्या किंचित सरस ठरल्या, पण फरक अल्प होता. सारांश, मध्यम कठीणपणाच्या बाजूने पुरावा आहे. मात्र गादी बदलली की व्याधी समूळ जाईल, असे वचन विज्ञान देत नाही.

गाद्यांचे प्रकार

कापसाची गादी स्वस्त, हवेशीर आणि दुरुस्त होण्याजोगी असते. तिचा दोष असा की कापूस दबून गोळे होतात व मध्यभाग खचतो. उन्हात घातल्याने ओल जाते व कापूस फुलतो. गोळे झाल्यास पिंजाऱ्याकडून कापूस पुन्हा पिंजून घ्यावा. रबराने बांधलेल्या काथ्याची गादी बरीच कठीण असून तीतून हवा खेळते. तीवर पातळ मऊ थर घातल्यास ती मध्यम होते. स्प्रिंगच्या गादीचा गुण स्प्रिंगांच्या बांधणीवर अवलंबून असतो. सावकाश दबणारा फोम चार्ल्स योस्ट ह्यांनी १९६६ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी विमानातील आसनांकरिता विकसित केला. तो शरीराचा आकार घेतो, पण उष्णताही धरून ठेवतो. भिलाईत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा ह्या दोषाचा विचार केलाच पाहिजे.

गादीवर ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द छापलेला असला, म्हणजे तिची वैद्यकीय परीक्षा झाली आहे असे समजू नये. पुष्कळदा त्याचा अर्थ केवळ ‘कठीण’ एवढाच असतो. किंमत हेही गुणाचे माप नव्हे.

घरच्या घरी परीक्षा

गादी पारखण्यास यंत्र लागत नाही. प्रथम जुनी गादी तपासावी. तिच्या दोन्ही कडांवर आडवी सरळ काठी ठेवली असता मधोमध स्पष्ट खळगा दिसला, तर गादी खचली आहे. खाट सुंभाची किंवा नवारीची असेल, तर आधी तिची वीण ताणून घ्यावी. सैल खाटेवर नवी गादीही झोळीच होते.

नंतर गादीवर उताणे निजून कमरेखाली हात घालावा. हात सहज आरपार जात असेल, तर गादी त्या माणसास फार कठीण आहे. हात शिरतच नसेल आणि कूस बदलण्यास जोर लागत असेल, तर ती फार मऊ आहे. मग कुशीवर निजून दुसऱ्यास मागून पाहण्यास सांगावे. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेषा जवळजवळ सरळ दिसली पाहिजे. वजनदार माणसास थोडी अधिक कठीण, तर हलक्या माणसास थोडी अधिक मऊ गादी मानवते. दुकानात ही परीक्षा निदान दहा-पंधरा मिनिटे निजून करावी.

नवी गादी घेणे शक्य नसल्यास थोड्या खर्चात पुष्कळ साधता येते. जमिनीवर निजणाऱ्याने सतरंजीवर घड्या केलेल्या दोन-तीन गोधड्या घालाव्यात. उताणे निजताना गुडघ्यांखाली आणि कुशीवर निजताना दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घेतल्यास कमरेवरील ताण कमी होतो.

गादीच्या पलीकडे

अंथरूण कितीही चांगले असले, तरी त्यावर पडून राहणे हा उपचार नव्हे. अमेरिकेतील रिचर्ड डेयो व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये २०३ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना दोन दिवस, तर काहींना सात दिवस अंथरुणात विश्रांती घेण्यास सांगितले होते. दोन दिवसांच्या गटाची प्रकृती मागे राहिली नाही आणि त्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. रोजगारावर जगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे. शक्य तितके चालणे, क्रमाक्रमाने व्यायाम करणे आणि ओझे अंगाजवळ धरून उचलणे, ह्यांनी दिवसा जो लाभ होतो तो केवळ रात्रीच्या गादीने मिळत नाही.

काही लक्षणे मात्र गादीच्या प्रश्नाबाहेरची आहेत. पायातील बळ कमी होणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे, कंबरदुखीबरोबर ताप येणे किंवा वजन घटणे, पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र वेदना, ह्यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. मणक्यांचा क्षय आपल्या देशात आजही आढळतो आणि तो वेळीच ओळखल्यास औषधांनी बरा होऊ शकतो. तरुण माणसास रोज सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ पाठ आखडल्यासारखी वाटत असेल, तर ते सांध्यांच्या दाहाचे चिन्ह असू शकते. अशा वेळी गाद्या बदलत राहण्यात अमूल्य काळ वाया जातो.

बहुतेक कंबरदुखी अशा गंभीर कारणांची नसते आणि काही आठवड्यांत कमी होते. तोपर्यंत खळगा नसलेले, फार कठीण नाही व फार मऊ नाही असे अंथरूण निद्रेस साहाय्य करते. ते कोणत्या दुकानातले आहे ह्यापेक्षा निजणाऱ्याचा कणा त्यावर कसा राहतो, हे पाहूनच त्याची निवड करावी.