रिकाम्या भाड्याच्या घरात काम करताय? मेन स्विचला हात लावण्याआधी हे वाचा

जुना भाडेकरू गेला, नवा अजून यायचाय. मधल्या आठ-दहा दिवसांत रंगारी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन असे सगळे एकाच किल्लीवर त्या फ्लॅटमध्ये ये-जा करतात. घर रिकामं, म्हणजे धोका कमी असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात उलटं असतं. राहत्या घरात कोणी काय बंद केलंय हे घरच्यांना ठाऊक असतं. रिकाम्या घरात ते सांगायला कोणीच नसतं.

समजा, रंगाऱ्याने खाली मीटर रूममध्ये जाऊन फ्लॅटचा स्विच बंद केला आणि वर येऊन बोर्ड खोलला. तेवढ्यात एजंट घर दाखवायला माणसं घेऊन आला. दिवे लागेनात म्हणून वॉचमनने तोच स्विच चालू केला. रंगाऱ्याचा हात मात्र अजून तारेजवळच!

हे टाळायचं कसं?

१. आल्या आल्या फोटो काढा. मेन स्विच, एमसीबी, पाण्याचे व्हॉल्व्ह, गॅसचा कॉक कोणत्या स्थितीत आहेत ते टिपून ठेवा.

२. स्विच बंद केलात की तिथे चिठ्ठी लावा: 'काम चालू आहे, चालू करू नका', खाली नाव आणि फोन नंबर. जमल्यास कुलूप लावा. वॉचमन आणि घरमालकालाही कळवा.

३. भिंतीवरच्या बटणावर विसंबू नका. ते सहसा फक्त फेज तोडतं, आणि वायरिंग उलटं असेल तर तेही नाही. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करूनही तारांत वीज असू शकते. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासून घ्या, मग तारेला लावा. बोर्ड खोलायचं काम इलेक्ट्रिशियनकडेच द्या.

४. आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर जबरदस्तीने वर करू नका. घरातला आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअर गळतीवर पडतो. म्हणजे कुठेतरी वीज गळतेय.

५. पाणी बंद होतं? मग गीझर लगेच लावू नका. टाकी रिकामी असेल तर कॉईल जळते. गरम पाण्याचा नळ सोडून धार आली की मगच बटण दाबा. निघताना सगळे नळ बंद आहेत ना, तेही बघा. रात्री पाणी आलं तर खालच्या मजल्यावर गळायला लागेल.

६. गॅसचा वास आला तर कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका. दोन्हींत ठिणगी पडू शकते. खिडक्या उघडा, बाहेर पडा. सिलिंडरच्या गॅसगळतीसाठी १९०६ हा आपत्कालीन क्रमांक आहे.

आणि थकबाकीमुळे वीज तोडलेली असेल तर स्वतः जोडू नका. २००३ च्या वीज कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

काम संपलं की मोबाईलमधला पहिला फोटो उघडा आणि सगळं तसंच आहे का ते बघा. काही बदललं असेल तर किल्ली देतानाच मालकाला सांगा, म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्याला अंदाज बांधावा लागणार नाही.