मनगटदुखी : दोष केवळ कैचीचा नसतो

द्राक्षाच्या खरड किंवा गोडी छाटणीत अनेकांचे मनगट दुखते व विश्रांतीने बरे होते. परंतु दरवर्षी कैची हाती घेताच तेच दुखणे उलटत असेल, तर कारण हाताच्या मूळ रचनेतही असू शकते.

अंगठा व करंगळी जुळवून मनगट किंचित आत वाकवावे. मध्यावर एक दोरी उठून दिसते. ती एका लांबट स्नायूची कंडरा होय. काहींना हा स्नायू जन्मतःच नसतो. त्याने बिघडत नाही. क्वचित मात्र तो उलटा असतो. म्हणजे त्याचा मांसल भाग कोपराऐवजी मनगटाजवळ येतो. सतत कैची दाबल्याने किंवा धार काढल्याने हा भाग फुगतो व शेजारच्या मज्जातंतूवर दाब पडतो. मग मनगटाशी फुगवटा, कळ आणि अंगठा व लगतच्या दोन बोटांना मुंग्या येतात.

अशा वेळी ‘शीर चढली’ म्हणून जोरात चोळू नये. कामात खंड घ्यावा, कैचीला धार ठेवावी. मुंग्या टिकल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. सोनोग्राफीत असा स्नायू दिसू शकतो व गरज पडल्यास शस्त्रक्रियेने काढता येतो. दाब फार काळ राहिल्यास अंगठ्याचे बळ घटते, म्हणून हंगाम संपण्याची वाट पाहू नये.