स्टिकची झीज : दोष खेळाडूचा की रचनेचा?

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांमध्ये 'ड्रिफ्ट' या शब्दाने गेल्या काही वर्षांत चांगलीच धास्ती निर्माण केली आहे. कंट्रोलरच्या स्टिकला अंगठा न लावताही पडद्यावरील पात्र आपोआप एका बाजूला सरकू लागते, दृश्य हळूहळू फिरत राहते किंवा सरळ रस्त्यावर धावणारी मोटार डावीकडे ओढ घेते. या दोषालाच ड्रिफ्ट म्हणतात. नवा कंट्रोलर हाती पडताच पहिल्या दिवसापासून त्याची तपासणी करीत बसणारे, स्टिक शक्य तितकी कमी हलविणारे आणि थोडासा फरक दिसताच हवालदिल होणारे खेळाडू आता सर्रास आढळतात. ही काळजी अनाठायी नाही. मात्र तिचा रोख बहुधा चुकीच्या दिशेला असतो. आपणच कंट्रोलर नीट हाताळला नाही, अशी खेळाडूची समजूत होते. प्रत्यक्षात झीज ही त्या भागाच्या रचनेतच अंतर्भूत असते.

स्टिकच्या पोटात काय असते?

बहुतेक कंट्रोलरमध्ये प्रत्येक स्टिकला दोन पोटेन्शिओमीटर जोडलेले असतात. एक आडव्या हालचालीसाठी, दुसरा उभ्या हालचालीसाठी. पोटेन्शिओमीटर म्हणजे कार्बनचा पातळ थर दिलेली पट्टी आणि तिच्यावरून घासत जाणारी धातूची बारीक पत्ती. स्टिक हलली की पत्ती सरकते, त्यानुसार विजेचा दाब बदलतो आणि तो बदल आकड्याच्या रूपाने यंत्राकडे जातो. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये हा आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो आणि स्टिक मध्यभागी असताना तो १२८च्या आसपास राहतो.

जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करताना होणारी खरखर अनेकांच्या स्मरणात असेल. तिचे कारणही हेच होते. वर्षानुवर्षे फिरवून आवाजाच्या बटणामागील कार्बनची पट्टी झिजत असे आणि तिच्यावर धूळ साचत असे. फरक इतकाच, की रेडिओचे बटण दिवसातून चार-सहा वेळा फिरत असे. कंट्रोलरची स्टिक मात्र एका तासात शेकडो वेळा फिरते. पट्टीवरचा कार्बन घासला गेला, त्याची भुकटी पत्तीखाली अडकली किंवा स्टिक मध्यावर आणणारी स्प्रिंग सैल पडली, की १२८च्या जागी १३५ किंवा १४० असा आकडा कायम जाऊ लागतो. यंत्राला वाटते, की खेळाडूच स्टिक ढकलतो आहे.

हे टाळण्यासाठी मध्याभोवतीच्या लहानशा क्षेत्रातील हालचालीकडे खेळ मुद्दाम दुर्लक्ष करतो. या क्षेत्राला 'डेडझोन' म्हणतात. स्प्रिंग स्टिकला दर वेळी अगदी त्याच बिंदूवर आणून सोडत नाही. म्हणूनच नव्या कोऱ्या कंट्रोलरमध्येही तपासणीच्या वेळी थोडासा फरक दिसतो. तो दोष नव्हे. डेडझोन शून्यावर आणून मग ड्रिफ्टची तक्रार करणे म्हणजे काट्याच्या तराजूवर वाळूचा कण तोलण्यासारखे आहे.

आयुष्य किती?

उपकरणांच्या दुरुस्तीविषयी माहिती देणाऱ्या 'आयफिक्सिट' या अमेरिकी कंपनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५चा 'ड्युअलसेन्स' कंट्रोलर उघडून पाहिला. त्यातील स्टिकचा भाग बनविणाऱ्या जपानी कंपनीने त्याची आयुर्मर्यादा २० लाख आवर्तने अशी दिली होती. वेगवान नेमबाजीच्या खेळात ही मर्यादा सुमारे ४१७ तासांत गाठली जाऊ शकते, असा हिशेब आयफिक्सिटने मांडला. रोज दोन तास खेळणाऱ्यासाठी हा काळ जेमतेम सात महिन्यांचा होतो. अर्थात, मर्यादा संपली म्हणजे त्याच दिवशी स्टिक बिघडते असे नाही. अनेक स्टिक त्यानंतरही वर्षानुवर्षे चालतात. परंतु त्यापुढे अचूकतेची हमी राहत नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे.

झीज हा प्रकार नवा नाही. १९९६ मध्ये आलेल्या 'निन्टेन्डो ६४'च्या स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर नव्हते. खाचांच्या चकत्या व प्रकाशकिरण यांच्या साहाय्याने हालचाल मोजली जाई. तरीही प्लास्टिकवर प्लास्टिक घासून पांढरी भुकटी पडे आणि स्टिक लुळी होई.

जॉय-कॉनचा वाद

या दोषाला सार्वजनिक प्रश्नाचे रूप आले ते निन्टेन्डोच्या 'स्विच' या यंत्रामुळे. मार्च २०१७ मध्ये बाजारात आलेल्या स्विचचे 'जॉय-कॉन' कंट्रोलर आकाराने लहान असल्याने त्यांच्या स्टिकमध्ये कार्बनचा थर अतिशय पातळ, लवचीक पापुद्र्यावर दिलेला होता. तक्रारी वाढत गेल्या आणि जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला. जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांच्या सभेत ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. दावा प्रलंबित असल्याने अधिक भाष्य करण्याचे मात्र टाळले.

जानेवारी २०२१ मध्ये युरोपातील ग्राहक संघटनांच्या महासंघाने सुमारे २५ हजार तक्रारींच्या आधारे युरोपीय आयोगाकडे धाव घेतली. त्याचे फलित २०२३ मध्ये दिसले. युरोपीय आर्थिक क्षेत्र, ब्रिटन व स्वित्झर्लंड येथे हमीची मुदत उलटून गेली असली, आणि दोष झिजेमुळे उद्भवलेला असला, तरी जॉय-कॉनच्या स्टिक विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे निन्टेन्डोने मान्य केले. यातील 'झिजेमुळे' हा शब्द महत्त्वाचा आहे. एरवी हमीपत्रात वापरातील झीज हाच अपवाद असतो आणि त्याच वाटेने कंपन्या जबाबदारीतून निसटतात. अपेक्षेपूर्वी झिजणारा भाग हा ग्राहकाचा हलगर्जीपणा नसून रचनेतील उणीव आहे, हे ग्राहकांचे म्हणणे येथे प्रत्यक्ष व्यवहारात मान्य झाले.

चुंबकाचा उपाय

या झिजेवर उपाय नाही असे नव्हे. एडविन हॉल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये शोधलेल्या 'हॉल परिणामा'वर आधारित स्टिकमध्ये चुंबक व संवेदक यांचा परस्परांना स्पर्शच होत नाही. घासणारी पट्टी नसल्याने ती झिजण्याचा प्रश्न उरत नाही. सेगा कंपनीने १९९८च्या 'ड्रीमकास्ट'च्या कंट्रोलरमध्ये हे तंत्र वापरले होते. अलीकडे इतर उत्पादकांचे अनेक कंट्रोलर याच तंत्रावर, तसेच 'टीएमआर' या विजेची बचत करणाऱ्या दुसऱ्या चुंबकीय तंत्रावर चालतात. तरीही जून २०२५ मध्ये आलेल्या 'स्विच २'च्या स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटरच आढळले. चुंबकीय स्टिकही अमर नव्हे. तिची स्प्रिंग व प्लास्टिकचे सांधे झिजतातच. परंतु ड्रिफ्टचे सर्वांत मोठे कारण तिच्यात राहत नाही.

काळजी घ्यावी ती कशी?

ड्रिफ्ट जाणवू लागल्यास प्रथम यंत्रातील कॅलिब्रेशनची सोय वापरावी, नंतर खेळातील डेडझोन थोडा वाढवावा. धूळ हे कारण असेल तर विजेच्या जोडांसाठी मिळणाऱ्या साफसफाईच्या फवाऱ्याने काही काळ आराम पडतो. झिजलेला कार्बन मात्र त्याने परत येत नाही. विनाकारण स्टिक गरगर फिरविणे आणि ती कडेला दाबून धरणे टाळावे. हमीची मुदत शिल्लक असेल तर कंट्रोलर स्वतः उघडू नये. खरेदीची पावती जपून ठेवावी आणि दोषाचे चित्रीकरण करून ठेवावे. विक्रेता वा कंपनी दाद देत नसल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

खरा प्रश्न स्टिक बदलता येण्याचा आहे. साध्या ड्युअलसेन्समध्ये ती सोल्डर केलेली असते. त्यामुळे एक लहान भाग बिघडला की सामान्य ग्राहकाला संपूर्ण कंट्रोलरच टाकून द्यावा लागतो. सोनीने २०२३ मध्ये आणलेल्या २०० डॉलरच्या 'ड्युअलसेन्स एज'मध्ये तोच भाग हाताने काढून २० डॉलरचा नवा बसविता येतो. म्हणजे अशी रचना शक्य आहे. ती महागड्या कंट्रोलरपुरती राखून ठेवलेली आहे. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'ची चौकट आखण्यासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांचा विचार प्राधान्याने झाला. खेळाचा कंट्रोलर या यादीत क्षुल्लक वाटेल. पण झिजणारच असा भाग ग्राहकाला सहज बदलता यावा की नाही, हा प्रश्न ट्रॅक्टरइतकाच त्यालाही लागू आहे. खेळाडूने अंगठा जपण्यापेक्षा कंट्रोलर विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला हा प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे ठरेल.