विदर्भकन्येचा निरोप

गेल्या नोव्हेंबरमध्ये एक माउली माझ्या कार्यालयाच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिचा मुलगा आमच्या शाळेचा माजी विद्यार्थी. आज तो नौदलात आहे. जहाज समुद्रात गेले की कित्येक दिवस त्याचा आवाज कानी पडत नाही. नौदलाचा नवा उपग्रह आकाशात गेल्याचे तिने दूरदर्शनवर पाहिले होते. "काहो सर, आता पोराचा फोन रोज लागन का जी?" तिने विचारले.

उत्तर देण्यापूर्वी वाचकांस थोडी पूर्वकथा सांगितली पाहिजे.

केवळ सैन्यदलाच्या संदेशवहनासाठी भारताने सोडलेला पहिला उपग्रह म्हणजे नौदलाचा जीसॅट-७. त्याचे नाव 'रुक्मिणी'. आम्हां लोधीखेडा परिसरातील मराठी मंडळींना हे नाव ऐकून माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. रुक्मिणीचे माहेर कौंडिण्यपूर ज्या वर्धेच्या काठी आहे, ती वर्धा आमच्या शेजारच्या मुलताई परिसरातच उगम पावते. एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'चे पारायण आजही उपवर मुलींकडून करविले जाते. त्या कथेचे मर्म एका निरोपात आहे: तो विश्वासू हाती जावा आणि वेळेवर पोहोचावा. विवाहाची घटका टळल्यावर पोहोचलेल्या पत्राचा काय उपयोग?

युद्धनौकेचीही हीच अडचण असते. पृथ्वी गोल आहे आणि अनेक रेडिओलहरी सरळ रेषेत जातात. क्षितिजापलीकडच्या जहाजापर्यंत त्या पोहोचत नाहीत. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रह पृथ्वीच्या गतीनेच फिरतो, म्हणून तो एका जागी स्थिर भासतो आणि तेथून अफाट समुद्र त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात येतो. खालून वर आणि वरून खाली येण्यास संदेशाला जेमतेम पाव सेकंद लागतो. पूर्वी आपल्या नौदलास यासाठी परकीय उपग्रहसेवेचा आधार घ्यावा लागे. परंतु घरचे गुपित शेजाऱ्याच्या हाती किती काळ द्यावे?

३० ऑगस्ट २०१३ रोजी पहाटे दोन वाजता रुक्मिणी आकाशात झेपावली. मात्र आपल्या भूमीवरून नव्हे, तर दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामधील कुरू येथून, युरोपच्या एरियन-५ अग्निबाणावरून. तिचे वजन सुमारे २,६५० किलो होते. आपला जीएसएलव्ही अग्निबाण २०१० साली दोनदा अपयशी ठरला होता. रुक्मिणीच्या उड्डाणाच्या अवघे अकरा दिवस आधी त्याचे आणखी एक उड्डाण इंधनगळतीमुळे थांबवावे लागले होते. निरोप आपला, पण रथ परक्याचा, अशी तेव्हाची स्थिती होती.

आपल्या शास्त्रज्ञांनी मात्र उमेद सोडली नाही. ५ जानेवारी २०१४ रोजी तोच जीएसएलव्ही स्वदेशी अतिशीत इंजिनासह यशस्वी झाला. १९ डिसेंबर २०१८ रोजी त्याच जातीच्या अग्निबाणाने वायुदलाचा जीसॅट-७ए श्रीहरिकोटा येथून नेला. पुढे २ नोव्हेंबर २०२५ रोजी, रविवारी सायंकाळी, सुमारे ४,४०० किलो वजनाचा नौदलाचा नवा उपग्रह सीएमएस-०३ आपल्याच एलव्हीएम-३ अग्निबाणाने श्रीहरिकोट्याहून आकाशात पोहोचविला. भारतभूमीवरून इतका जड दळणवळण उपग्रह पूर्वी कधी गेला नव्हता. बारा वर्षांत रथही आपला झाला.

त्या माउलीला मी खोटी आशा दाखविली नाही. "नाही, बाई," मी म्हणालो. "हा उपग्रह तुमच्या-माझ्या बोलण्यासाठी नाही. तुमचा मुलगा मोहिमेवर असेल, तेव्हा त्याचा आवाज येणार नाही. पण त्याचे जहाज मुके नाही. संकट आले तर त्याची हाक ऐकणारे आपले माणूस किनाऱ्यावर जागे असेल."

ती क्षणभर थांबली. मग पदर सावरीत म्हणाली, "ऐकते ना कोनी? मंग झालं."

इतकी वर्षे मुलांना शिकविले. पण या उपग्रहाचे प्रयोजन इतक्या थोड्या शब्दांत मला सांगता आले नसते.